सावली आधी, पडदा नंतर

पाचवीच्या परिसर अभ्यासात ‘पृथ्वीचे फिरणे’ हा पाठ आहे. तीन वर्षांपूर्वी मी तो वर्गातल्या मोठ्या पडद्यावर चार मिनिटांची चित्रफीत दाखवून शिकवला. मुलांनी ती दोनदा पाहिली, परिवलन आणि परिभ्रमण यांतला फरक घडाघडा सांगितला, किती तास आणि किती दिवस हे सांगतानाही कोणी अडखळले नाही. तास संपता संपता मी सहज विचारले, “दुपारी बारा वाजता सूर्य कुठे असतो?” सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, “डोक्यावर!” डिसेंबर महिना होता. खिडकीबाहेर ध्वजस्तंभाची सावली मैदानावर चांगली लांब पडलेली दिसत होती आणि तिच्याकडे वर्गातल्या कोणाचेही लक्ष नव्हते.

मी मिरज तालुक्यातील कृष्णाकाठच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी ते सातवीला विज्ञान शिकवते. त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही. मुलांना पृथ्वी अवकाशातून कशी दिसते हे माहीत झाले होते, पण स्वतःच्या अंगणातून सूर्य कुठे दिसतो हे त्यांनी पाहिलेले नव्हते. पहिल्या गोष्टीसाठी पडदा लागतोच. दुसरीसाठी एक मीटरची काठी आणि खडू पुरतो. मी मात्र पडद्यापासून सुरुवात केली होती आणि काठीपर्यंत पोहोचलेच नव्हते.

पुढच्या वर्षी क्रम बदलला. २२ डिसेंबरला मैदानात ओळंब्याने सरळ पाहून एक मीटरची काठी रोवली आणि साडेअकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करायला मुलांना बसवले. शाळेच्या घड्याळात बारा वाजले तेव्हा सावली ८७ सेंटिमीटरच्या आसपास होती. मुले वही मिटून उठू लागली, कारण बारा वाजता सावली सर्वांत लहान असते असे त्यांनी गृहीतच धरले होते. मी त्यांना थांबवून घेतले. सावली अजून आखडत होती. साडेबाराच्या सुमारास ती ८५ पर्यंत आली आणि मग पुन्हा वाढू लागली. एक मुलगी बराच वेळ खुणांकडे बघत राहिली आणि म्हणाली, “बाई, आपलं घड्याळ पुढं हाय काय?”

माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत मला विचारलेल्या सर्वांत चांगल्या प्रश्नांपैकी हा एक आहे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. सांगली-मिरजेचा परिसर त्याच्या पश्चिमेला सुमारे आठ अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणून आपल्याकडचे खरे मध्यान्ह घड्याळापेक्षा जवळपास अर्धा तास उशिरा येते. हे सगळे मी त्याच दिवशी सांगितले नाही. आधी स्टेलॅरियम हे मोफत मिळणारे तारांगणाचे सॉफ्टवेअर उघडले, ठिकाण सांगली निवडले, तारीख २२ डिसेंबर ठेवली आणि सूर्य पडद्यावर हळूहळू पुढे सरकवला. बारा वाजता तो दक्षिणोत्तर रेषेच्या अलीकडे होता आणि साडेबाराच्या सुमारास रेषेवर आला. ज्या मुलांनी तास-दीड तास उन्हात बसून खुणा केल्या होत्या, ती पडद्याकडे ज्या नजरेने बघत होती ती नजर आदल्या वर्षीच्या वर्गात मला दिसली नव्हती. पडदा तोच होता, पण या मुलांकडे त्याला विचारायला प्रश्न होता.

मार्चच्या २१ तारखेला पुन्हा काठी रोवली, तेव्हा सर्वांत लहान सावली ३० सेंटिमीटर भरली. म्हणजे सूर्य तेव्हाही डोक्यावर नव्हता. सांगलीचे अक्षांश १६.८५ अंशांच्या जवळपास असल्यामुळे सूर्य खरोखर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनच दिवशी, मेच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. त्यातला पहिला दिवस उन्हाळी सुट्टीत येतो आणि दुसरा बहुधा ढगांत जातो. अशा वेळी तारांगणाच्या सॉफ्टवेअरचे ऋण मी मनापासून मानते, कारण जे पाहण्याची संधी शाळेच्या वेळापत्रकात आणि पावसाळ्यात मिळत नाही ते ते दाखवते.

डिजिटल साधनांबद्दल माझ्या सहकाऱ्यांत दोन टोकांची मते ऐकू येतात आणि दोन्हींनी मला अस्वस्थ वाटते. काहींना वाटते की वर्गात डिजिटल पॅनेल, म्हणजे मोठा पडदा, बसले की विज्ञान शिकवून झाले. काहींना वाटते की पडदा आला आणि प्रयोग गेला. दीक्षा हे सरकारी ऑनलाइन शिक्षण-व्यासपीठ २०१७ च्या शिक्षकदिनी सुरू झाले, बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले आणि पूर्वी ज्या चित्रासाठी मी मिरजेच्या दुकानातून तक्ता आणत असे ते आता फोनमध्ये आहे. हा बदल लहान नाही. मात्र कोणती गोष्ट पडद्यावर दाखवायची आणि कोणती मुलांच्या हातात द्यायची, हा निर्णय कोणताही क्यूआर कोड घेत नाही. तो शिक्षकानेच घ्यायचा असतो, आणि प्रशिक्षणांत त्याविषयी फार कमी बोलले जाते. ॲप कसे उतरवून घ्यायचे हे आम्हाला अनेकदा शिकवले गेले. ते वर्गात कधी बंद ठेवायचे हे कोणी सांगितले नाही.

आमच्या शाळेतले पॅनेल लोकवर्गणीतून आले. गावाने ऊसबिलातून पैसे दिले, शाळा व्यवस्थापन समितीने पाठपुरावा केला, त्या पैशांचे मोल मला ठाऊक आहे. पॅनेलबरोबर एका पुरवठादाराने तयार पाठांचा संच दिला होता. त्यातल्या ऋतूंच्या पाठात झाडांची पाने लाल-केशरी होऊन गळत होती आणि नंतर बर्फ पडत होता. जलचक्राच्या पाठात नदी हिमशिखरावरून येत होती. तो पाठ दाखवल्यावर मी मुलांना जलचक्र काढायला सांगितले, तेव्हा शाळेच्या मागून कृष्णा वाहत असताना बत्तीसपैकी एकाही मुलाने ती काढली नाही. सगळ्यांच्या वहीत पांढरी शिखरे होती. वर्षभराने त्या संचाची मुदत संपली, नूतनीकरणाचे पैसे नव्हते, आणि एका सकाळी सगळे पाठ बंद झाले. त्यानंतर मी एक नियम केला. जे इंटरनेटशिवाय चालते, जे एकदा उतरवून घेतले की आपलेच राहते, आणि ज्याचा आवाज बंद करून मला माझ्या शब्दांत बोलता येते, तेच वर्गात आणायचे. आवाज बंद करणे ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण चित्रफितीतला आवाज बोलत राहतो तोवर मुले ऐकत राहतात, तो थांबला आणि मी मध्येच चित्र थांबवून “आता पुढं काय होईल?” असे विचारले की ती बोलू लागतात.

पडदा कुठे लागतोच, त्याचे माझ्या मते सर्वांत चांगले उदाहरण सहावीच्या ‘पदार्थ सभोवतालचे’ या पाठात आहे. स्थायू, द्रव, वायू यांतले कण डोळ्यांना दिसत नाहीत, ते दाखवायला प्रतिकृतीच हवी. कार्ल वीमन या नोबेल पारितोषिक विजेत्या भौतिकशास्त्रज्ञाने २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात फेट हा प्रकल्प सुरू केला. त्यातली अनेक अनुरूपणे, म्हणजे पडद्यावर हाताळून पाहता येणाऱ्या प्रतिकृती (सिम्युलेशन), मराठीतही उपलब्ध आहेत आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. त्यातले पदार्थांच्या अवस्थांचे अनुरूपण मी दरवर्षी वापरते, पण पहिल्या तासाला नाही.

पहिल्या तासाला मेडिकलमधून आणलेल्या बिनसुईच्या सिरिंज देते, दोन मुलांत एक. आधी त्यात हवा ओढायची, टोकावर अंगठा घट्ट दाबायचा आणि दट्ट्या रेटायचा. दट्ट्या आत जातो आणि सोडला की मागे येतो. मग हवेऐवजी पाणी भरायचे, बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि पुन्हा रेटायचे. गेल्या वर्षी एका मुलाने दात-ओठ खाऊन जोर लावला, अंगठा पांढरा पडला, दट्ट्या हलला नाही. “बाई, वारं दाबतंय, पाणी दाबतच न्हाई की!” तो ओरडला. शेजारच्याने सिरिंज हिसकावून घेतली आणि त्याचाही अंगठा पांढरा पडला. मग मी विचारले की हवेच्या आत असे काय असेल ज्यामुळे ती आखडते, आणि पाण्यात काय नसेल? कोणी म्हणाले, हवेत मोकळी जागा असेल. कोणी म्हणाले, हवा मऊ असते. दोन्ही उत्तरे फळ्यावर लिहून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी अनुरूपण उघडले. कणांमधली मोकळी जागा पडद्यावर दिसली तेव्हा आदल्या दिवशी तसे म्हणणारी मुलगी उभी राहिली आणि काही न बोलता फळ्याकडे बोट दाखवून पुन्हा बसली.

इथेच एक सावधगिरीही सांगायला हवी. ते अनुरूपण पाहिल्यावर मी मुलांना पाण्याचा एक कण काढायला सांगितला, तर बऱ्याच जणांनी निळा, ओला, थेंबासारखा चेंडू काढला. एका कणाला रंग नसतो, तो ओला नसतो, ओलेपणा हा असंख्य कणांचा मिळून असलेला गुण आहे, ही गोष्ट प्रतिकृती स्वतः सांगत नाही. उलट रंग देऊन ती चुकीची समजूत पक्की करू शकते. म्हणून आता मी प्रत्येक अनुरूपणानंतर एकच प्रश्न विचारते, “यातलं खरं काय आणि आपल्या सोयीसाठी केलेलं काय?” सुरुवातीला मुले गोंधळतात. दोन-तीन पाठ झाले की मी विचारण्याआधीच सांगू लागतात.

वर्गातला सर्वांत उपयोगी डिजिटल संच माझ्या मते शिक्षकाच्या खिशातला फोन आहे, पण तो चित्रफिती दाखवण्यासाठी नव्हे, मोजण्यासाठी वापरला तर. सहावीच्या ‘ध्वनी’ या पाठाला मी मुलांना मिरजेच्या सतारमेकर गल्लीत नेते. सतार आणि तंबोरे घडवणारी घरे आपल्या तालुक्यात असताना ध्वनीचा पाठ वर्गात बसून वाचणे मला पटत नाही. तिथल्या एका कारागिरांनी मुलांना जवारी काढणे म्हणजे काय ते दाखवले. तार ज्या घोडीवरून जाते तिचा माथा कानसीने अगदी हलके घासायचा, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा घासायचे. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक धागा सरकवला की स्वर एकदम खुलतो. मुले डोळे मिटून ऐकत होती. मी फोनवर फायफॉक्स हे जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचे मोफत ॲप उघडून त्यांना आवाजाचा आलेख दाखवला. धागा नसताना मोजकीच शिखरे उठत होती, धागा बसल्यावर त्यांच्या उजवीकडे शिखरांची रांगच उभी राहिली. कारागीर स्वतः तो आलेख पुन्हा पुन्हा बघत होते. त्यांच्या कानाला जे आयुष्यभर कळत आले होते ते त्यांनी पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिले, असे ते म्हणाले.

शाळेत परतल्यावर तारेचे कंपन फोनच्या मंदगती चित्रणात पकडण्याचा प्रयत्न केला आणि तिथे मी चुकले. माझा फोन सेकंदाला २४० चित्रे टिपतो. खालच्या पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तारसुद्धा सेकंदाला सत्तरच्या आसपास कंप पावते, म्हणजे एका कंपनाची जेमतेम तीन-चार चित्रे मिळतात. वरच्या तारांची तर दोनही नाहीत. पडद्यावर तार संथपणे वळवळताना दिसली आणि मुलांनी ते खरे कंपन मानले. पंख्याची पाती कधी कधी उलटी फिरताना दिसतात, तसाच तो भास होता. ते लक्षात आल्यावर दुसऱ्या दिवशी जेवणाच्या डब्यावर सैल रबर ताणले, ते इतके सैल की आवाज जेमतेम गुरगुरल्यासारखा यावा, आणि त्याचे चित्रण केले. आता एका कंपनाची आठ-दहा चित्रे मिळाली आणि रबर वर-खाली जाताना स्पष्ट दिसले. उपकरणाला मर्यादा असते आणि ती मर्यादा समजून घेणे हाही विज्ञानाचाच भाग आहे, हे मी मुलांना माझ्याच चुकीवरून सांगितले. ज्या शिक्षकांना हा प्रयोग करायचा असेल त्यांनी थेट रबरापासूनच सुरुवात करावी.

मटकीला मोड येण्याचा प्रयोग प्रत्येक शाळेत होतो. आम्ही काचेच्या बरणीच्या आतल्या बाजूला ओला टिपकागद लावून त्याला मटकी चिकटवतो, समोर पुस्तकांच्या आधाराने फोन उभा करतो आणि दर दहा मिनिटांनी एक फोटो निघेल असे लावून ठेवतो. दोन दिवसांत २८८ फोटो होतात आणि त्यांची बारा सेकंदांची चित्रफीत बनते. दुसऱ्या दिवशी सकाळी बरणी उलटी करून ठेवायची. चित्रफितीत मूळ आधी खाली जाते, मग बरणी उलटल्यावर थबकते आणि वळून पुन्हा खाली जाऊ लागते. बाजारात याहून सुंदर चित्रफिती मिळतात, पण त्यांतल्या मटकीला मुलांनी पाणी घातलेले नसते.

हवेच्या पाठाला आम्ही हरिपूरच्या पेवांची नोंद केली. सांगलीची हळद पूर्वी जमिनीत खणलेल्या पेवांत वर्षानुवर्षे साठवली जाई. तोंड बंद केले की आतला ऑक्सिजन कमी होत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि कीड जगत नाही. त्याच कारणाने पेव उघडल्यावर लगेच आत उतरणे जिवावर बेतू शकते; आधी ते उघडे ठेवून हवा खेळू द्यावी लागे. २००५ च्या महापुरात पाणी शिरून यांतली बरीच पेवे निकामी झाली. वर्गातल्या एका मुलीचे आजोबा तरुणपणी पेवात उतरत असत. मुलांनी त्यांना फोनवर बोलते केले. “आजोबा, आत गेल्यावर कसं वाटायचं?” या प्रश्नावर ते थोडे थांबले आणि म्हणाले, “दिवा मिणमिणला की वर यायचं, पोरांनो.” ज्वलनाला ऑक्सिजन लागतो हे वाक्य पुस्तकात आहे. ते आमच्या वर्गाला कळले त्या आवाजातून, आणि ती ध्वनिफीत मी शाळेच्या संगणकात जपून ठेवली आहे.

पुराचा विषय आमच्या शाळेत पुस्तकातून सुरू होत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली. आमच्या तळमजल्यावरच्या वर्गात पाणी होते, आणि विज्ञान पेटीतले भिंग, चुंबक, परीक्षानळ्या सगळे गाळात गेले. तेव्हा जी मुले अंगणवाडीच्या वयाची होती ती आज माझ्यासमोर सहावीत बसतात, पण घरातल्या भिंतीवरची पाण्याची रेघ त्यांनी रोज पाहिलेली असते. त्यामुळे ‘आपत्ती व्यवस्थापन’ हा पाठ जूनमध्ये घेण्याऐवजी मी तो पूर्ण पावसाळाभर चालवते. रोज सकाळी परिपाठानंतर एक मूल आयर्विन पुलाची पातळी आणि कोयना धरणातून होणारा विसर्ग यांचे आकडे संगणकातल्या तक्त्यात भरते. तक्त्यातून आलेख आपोआप तयार होतो. ४० फुटांवर इशारा पातळीची पिवळी रेघ आणि ४५ फुटांवर धोका पातळीची लाल रेघ मुलांनीच आखली आहे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, हे सांगितल्यावर एका मुलाने त्याचे भाषांतर ‘दोन कळश्या’ असे केले आणि तेव्हापासून आमच्या वर्गात विसर्ग कळश्यांतच मोजला जातो. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि वारणा हरिपूरला, त्यामुळे आकडा वर वाढला की आपल्याकडे पातळी कधी चढते याचा अंदाज मुले आलेखावरून बांधू लागली आहेत. गेल्या पावसाळ्यात एका पालकांनी मला रात्री फोन करून विचारले की आलेख काय म्हणतो. त्यांना प्रशासनाच्या सूचनांकडेच लक्ष ठेवायला सांगितले. पण आकडे बघून विचार करण्याची सवय घरापर्यंत गेली आहे, याचा मला फार आनंद झाला.

शिक्षकांसाठी एक गोष्ट तळमळीने लिहावीशी वाटते. आमच्या दिवसातला मोठा भाग लिंक भरण्यात, फोटो अपलोड करण्यात आणि कोणाकोणाच्या तक्त्यांत तीच माहिती पुन्हा पुन्हा टाकण्यात जातो. त्याच फोनवर, त्याच इंटरनेटवर. ही साधने वर्गासाठी आहेत की अहवालांसाठी, असा प्रश्न मला अनेकदा पडतो. मी आता शनिवारचा एक तास राखून ठेवला आहे. त्या वेळात पुढच्या आठवड्यातल्या प्रत्येक पाठासमोर दोनच गोष्टी लिहिते: यातले काय आपल्या गावात हाताला लागेल, आणि काय लागणारच नाही. पहिल्या रकान्यात जे येते ते साहित्य जमवते, दुसऱ्यातले शोधून उतरवून ठेवते. सूर्यमाला, कण, रक्ताभिसरण, ज्वालामुखी दुसऱ्या रकान्यात. अडकित्ता, विहिरीवरचा रहाट, बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव, हळदीच्या डागाला साबण लागताच येणारा लाल रंग पहिल्या रकान्यात. पहिला रकाना दरवेळी माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा भरतो.

या वर्षी मुलांना एक नवी कल्पना सुचली आहे. २२ डिसेंबरला आमच्या शाळेत काठी रोवायची आणि त्याच दिवशी जत तालुक्यातल्या एका शाळेने व शिराळ्यातल्या एका शाळेनेही रोवायची, आणि सर्वांत लहान सावली कोणाकडे किती वाजता पडते ते व्हिडिओ कॉलवर एकमेकांना सांगायचे. जत पूर्वेला, शिराळा पश्चिमेला, म्हणजे काही मिनिटांचा फरक यायला हवा, असे त्या ‘घड्याळ पुढं हाय काय’ विचारणाऱ्या मुलीचे म्हणणे आहे. ती आता सातवीत आहे. दोन्ही शाळांतल्या शिक्षकांशी माझे बोलणे झाले आहे. तीन काठ्या एकाच मापाच्या कापून घेतल्या आहेत आणि त्यांवर दर सेंटिमीटरला पट्टे रंगवण्याचे काम मुलांनी कालपासून सुरू केले आहे.